यीस्टमधली मायटोफॅजी ब्लॉटवर दिसत नाही तेव्हा

मायटोफॅजी म्हणजे पेशीने आपले मायटोकॉन्ड्रिया, ऊर्जा बनवणारी अंगकं, मोडून पचवणं. ती मोजू पाहणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. ओएम४५ या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेला स्ट्रेन हाताशी आहे. पेशी नायट्रोजन नसलेल्या मीडियात सहा तास ठेवल्या, प्रथिनं काढली, जीएफपीच्या अँटीबॉडीने वेस्टर्न ब्लॉट केला (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून हवं ते अँटीबॉडीने ओळखायचं). वर ७२ किलोडाल्टनच्या आसपास अख्ख्या प्रथिनाची ठसठशीत पट्टी आली. खाली २७ पाशी, जिथे सुटा झालेला जीएफपी दिसायला हवा, तिथे कोरी जागा. प्रयोग पुन्हा केला की कधी पुसटशी पट्टी येते, पुढच्या खेपेला तीही नाहीशी होते. आठवडे जातात आणि शेवटी वहीत लिहिलं जातं, ‘या स्ट्रेनमध्ये मायटोफॅजी होत नाही.’

हे वाक्य लिहिण्याआधी थांबावं, एवढ्यासाठी हे टिपण. पट्टी न येण्याचं कारण बहुतेक वेळा एटीजी जनुकांत, म्हणजे पेशीने स्वतःचाच माल पचवण्याच्या (ऑटोफॅजीच्या) जनुकांत, नसतं. पेशीला आधी काय खायला घातलं आणि नंतर काय, यात ते असतं. यीस्टची पेशी आपली अंगकं उगाच मोडत नाही. ज्याची आत्ता गरज उरलेली नाही, तेच ती मोडायला काढते. आपण तिला ज्या परिस्थितीत ठेवतो तिथे मायटोकॉन्ड्रिया तिला हवेत की नकोत, हा प्रश्न जेल किती टक्क्यांचं घ्यावं याच्या कितीतरी आधी यायला हवा.

पट्टीचा अर्थ काय

उपासमार झाली की पेशीत सरधोपट ऑटोफॅजी सुरू होते. दुहेरी पटलाची पिशवी, म्हणजे ऑटोफॅगोसोम, पेशीद्रवातलं सापडेल ते गुंडाळते आणि व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या कप्प्यात, नेऊन रिकामी करते. निवडक ऑटोफॅजीत पिशवीत काय जाणार हे आधीच ठरलेलं असतं. ते ठरवतं अंगकाच्या पृष्ठभागावरचं ग्राही प्रथिन. मायटोकॉन्ड्रियासाठी हे काम एटीजी३२ करतं, पेरॉक्सिसोमसाठी एटीजी३६, ईआरसाठी (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पटलांचं जाळं) एटीजी३९ आणि एटीजी४०. एटीजी३२ चा शोध २००९ साली दोन गटांनी एकाच सुमारास लावला, एक जपानमधला आणि एक अमेरिकेतला. हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलात रुतलेलं असतं. त्याच्या पेशीद्रवात डोकावणाऱ्या भागावर केसीन कायनेज २ फॉस्फेट चढवतं, त्यातही ११४ वं सेरीन सर्वात महत्त्वाचं. फॉस्फेट चढलं की एटीजी११ त्याला येऊन धरतं, एटीजी११ बाकीची यंत्रणा तिथे गोळा करतं, आणि एटीजी३२ पिशवीच्या पटलावरच्या एटीजी८ लाही चिकटत असल्यामुळे पिशवीचं पटल नेमकं त्या मायटोकॉन्ड्रियाला लपेटून वाढतं.

व्हॅक्युओलच्या आत पिशवीचं आतलं पटल एटीजी१५ हे लायपेज फोडतं. मग पेप४, पीआरबी१ आणि इतर प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम, आतला माल पचवायला लागतात. ओएम४५ चा फडशा पडतो, पण जीएफपीची घडी इतकी घट्ट असते की ते तसंच उरतं आणि साठत जातं. म्हणजे २७ ची पट्टी दोन गोष्टी एकदम सांगते: माल व्हॅक्युओलपर्यंत पोचला, आणि तिथे तो मोडला. दोन्हींपैकी एक अडलं तरी जेलवर तुम्हाला तीच कोरी जागा दिसते. तपासणी इथूनच सुरू करायची, आणि उलट्या दिशेने, शेवटच्या टप्प्याकडून पहिल्याकडे.

व्हॅक्युओल पचवतोय का

सर्वात आधी स्ट्रेनचा जीनोटाइप पुन्हा वाचा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. प्रथिन शुद्धीकरणासाठी बनवलेले अनेक स्ट्रेन मुद्दाम पेप४ आणि पीआरबी१ काढून टाकलेले असतात, कारण तिथे प्रोटिएज नकोच असतात. फ्रीझरमधली अशी कुपी कुणीतरी जीएफपी जोडायला वापरली, तर मायटोफॅजी कितीही जोरात चालू असली तरी सुटा जीएफपी कधीच दिसणार नाही. पेप४ नसेल तर पीआरबी१ ही नीट सक्रिय होत नाही, त्यामुळे एका डिलीशननेच, म्हणजे एक जनुक काढून टाकल्यानेच, सगळं पचन जवळपास बंद पडतं.

हा दोष वाईट नाही, उलट या क्षेत्राची सुरुवातच त्यातून झाली. योशिनोरी ओसुमी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात व्हॅक्युओलमधले प्रोटिएज नसलेले स्ट्रेन उपाशी ठेवले आणि साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासात व्हॅक्युओलच्या आत छोटे गोल कण दिसू लागले, सैरावैरा हलणारे, आणि ते साठतच गेले. पचन थांबवल्यामुळे एरवी क्षणभर टिकणारी गोष्ट डोळ्यांना दिसली. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेने असे कण न दिसणारे म्यूटंट वेचून काढले, आणि २०१६ चं नोबेल पारितोषिक या कामासाठी होतं. मला आजही वाटतं की ऑटोफॅजी शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पेप४ डिलीशन उपाशी ठेवून ते कण स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. ब्लॉटवर विश्वास बसायला त्यानेच सुरुवात होते.

पीएमएसएफ हे प्रोटिएज अडवणारं रसायनही तेच काम करतं. पेशी फोडायच्या बफरमध्ये ते हवंच, पण उपासमारीच्या मीडियात एक मिलिमोलर पीएमएसएफ पडलं तर पीआरबी१ अडतं, कण साठतात आणि पट्टी येत नाही. आम्लता हीही अट आहे. व्हॅक्युओलला आम्लीय करणाऱ्या व्ही-एटीपेज पंपाचं कुठलंही उपएकक, म्हणजे व्हीएमए कुटुंबातलं जनुक, काढलं तर व्हॅक्युओल आम्लीय होत नाही आणि आत आलेले कण फुटत नाहीत. नवीन म्यूटंटमध्ये पट्टी गेली म्हणून ते जनुक मायटोफॅजीचं, असा निष्कर्ष काढण्याआधी हा धोका लक्षात घ्या. कितीतरी जनुकं अशी आहेत जी फक्त व्हॅक्युओलची तब्येत बिघडवतात.

एका ब्लॉटमध्ये हे निकाली काढता येतं. जीएफपी-एटीजी८ चा प्लाझ्मिड (डीएनएचा गोल तुकडा) त्याच स्ट्रेनमध्ये घाला आणि नायट्रोजन काढून एक-दोन तासांनी पाहा. ४० किलोडाल्टनच्या आसपासचं पूर्ण प्रथिन कमी होऊन २७ ची पट्टी आली, तर व्हॅक्युओल ठीक आहे आणि सरधोपट ऑटोफॅजीही ठीक आहे. दुसरी परीक्षा त्याहून सोपी, कारण तिला प्लाझ्मिड लागत नाही: एपी१ या अमिनोपेप्टिडेजचं रूपांतर. हे एन्झाइम पेशीद्रवात ६१ किलोडाल्टनच्या कच्च्या रूपात तयार होतं, एटीजी१९ आणि एटीजी११ च्या मदतीने निवडकपणे व्हॅक्युओलमध्ये जातं आणि तिथे ५० किलोडाल्टनचं होतं. हा मार्ग भरपेट वाढणाऱ्या पेशीतही चालू असतो. भरपेट पेशीत एपी१ पक्व असेल तर निवडक यंत्रणेचा गाभा, एटीजी११ सकट, शाबूत आहे. या दोन्ही परीक्षा पास झाल्या आणि तरीही ओएम४५ ची पट्टी नाही, तर शोध खरोखर मायटोकॉन्ड्रियापाशी येतो.

मोडायला काही होतं का

सर्वात जास्त वेळा पाणी मुरतं ते इथे. पेशी ग्लुकोजवर वाढवल्या, मग धुऊन नायट्रोजनशिवाय ठेवल्या. वरवर पाहता बरोबर. पण ग्लुकोज असताना यीस्ट किण्वनावर भागवतं, श्वसनाची जनुकं दबलेली असतात, मायटोकॉन्ड्रिया थोडेच असतात, आणि एटीजी३२ सुद्धा कमी बनतं. अशा पेशीकडून मायटोफॅजीची अपेक्षा करणं म्हणजे रिकाम्या माळ्याची आवराआवर पाहायला जाण्यासारखं आहे.

म्हणून पेशी आधी श्वसनावर वाढवायच्या. नेहमीची पद्धत लॅक्टेटची: एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, दोन टक्के पेप्टोन, दोन टक्के लॅक्टिक आम्ल; किंवा त्याऐवजी सिंथेटिक मीडियात दोन टक्के लॅक्टेट. लॅक्टिक आम्ल वापरत असाल तर ऑटोक्लेव्हच्या आधी पीएच ५.५ पर्यंत आणायला विसरू नका. पीएच न लावता थेट ओतलेल्या आम्लात पेशी कशाबशा जगतात, आणि दोष स्ट्रेनवर जातो. ग्लिसरॉलही चालतं. ग्लुकोजच्या प्लेटवरून उचललेल्या पेशी लॅक्टेटमध्ये टाकल्या की पहिले काही तास काहीच होत नाही, तेव्हा घाबरून जास्त इनोक्युलम (बीजाच्या पेशी) ओतू नका. बरेच जण सुरुवातीला ०.१ टक्का ग्लुकोज घालतात. ते लवकर संपतं आणि पेशींना बदलायला वेळ मिळतो.

हवा हा लॅक्टेटमधला दुसरा खाद्यपदार्थच समजा. फ्लास्कच्या क्षमतेच्या पाचव्या भागाहून जास्त मीडिया भरू नका, फिरण्याचा वेग चांगला ठेवा. रात्री वीज गेली आणि शेकर दोन तास बंद राहिला, तर ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) सकाळी थोडी कमी दिसेल एवढंच, पण तळाशी बसलेल्या पेशींना ऑक्सिजन मिळालेला नसतो. असा कल्चर त्या दिवशी वापरू नये. आपल्याकडे मे महिन्यात शेकरचं तापमान तिशीच्या वर सरकत जातं, तेही बघा. थर्मामीटर शेकरच्या आत ठेवा, बाहेरच्या आकड्यावर विसंबू नका.

पेटीट पेशींची तपासणी

स्ट्रेन लॅक्टेटवर वाढतच नसेल, किंवा फार रखडत असेल, तर तो पेटीट झालेला असण्याची शक्यता आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडला की पेशी श्वसन करू शकत नाहीत. ग्लुकोजवर लहान कॉलन्या करून जगतात, लॅक्टेट-ग्लिसरॉलवर थांबतात. एस२८८सी कुळातले स्ट्रेन, म्हणजे बीवाय४७४१ आणि सगळा डिलीशन संग्रह, याला जास्त बळी पडतात. त्या कुळात एमआयपी१ या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनए पॉलिमरेजमध्ये एक बदल आहे, शिवाय एचएपी१ जनुकात टीवाय१ हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा घुसलेला आहे. जीएफपी जोडताना, म्हणजे लिथियम ॲसिटेट, उष्णतेचा झटका आणि निवडीची प्लेट या सगळ्यातून गेलेल्या पेशींत, पेटीट कॉलनी उचलली जाणं अजिबात दुर्मीळ नाही.

तपासणी सोपी. ट्रान्सफॉर्मंट मिळाल्यावर प्रत्येक कॉलनी ग्लुकोजच्या आणि तीन टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर शेजारी शेजारी लावा. ग्लिसरॉलवर न येणारी फेकून द्या. फ्रीझरमधून काढलेला स्ट्रेनसुद्धा दर खेपेला थेट ग्लिसरॉलच्या प्लेटवर पसरवा, म्हणजे पेटीट आपोआप गळतील. डब्ल्यू३०३ सारखे एडीई२ नसलेले स्ट्रेन असतील तर रंगच सांगतो: श्वसन करणारी कॉलनी लालसर होते, पेटीट पांढरीच राहते. हाच लाल रंग पुढे मायक्रोस्कोपखाली मात्र त्रास देतो, त्याकडे नंतर येतो.

उपासमार खरोखर झाली का

आता बाटली पाहा. यीस्ट नायट्रोजन बेस दोन तऱ्हेचा मिळतो. एकाच्या लेबलवर फक्त अमिनो आम्लं नाहीत असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर अमिनो आम्लं आणि अमोनियम सल्फेट दोन्ही नाहीत असं. नायट्रोजन उपासमारीसाठी दुसरीच हवी. पहिलीत लिटरला पाच ग्रॅम अमोनियम सल्फेट येतं, म्हणजे यीस्टसाठी मेजवानी. ओळखायची खूण मोजमापात आहे: अमोनियम सल्फेटवाली पावडर लिटरला ६.७ ग्रॅम घालतात, बिनअमोनियमची १.७ ग्रॅम. कुणी तुम्हाला ‘एसडी-एन’ (बिननायट्रोजनचा मीडिया) म्हणून तयार बाटली दिली तर ती किती ग्रॅमची केली ते विचारा. ६.७ हे उत्तर आलं तर बाकी काही तपासायची गरज नाही.

पेप्टोनच्या मीडियातून आणलेल्या पेशी एकदा धुऊन भागत नाही. दोनदा धुवा, प्रत्येक वेळी नळी बदला. जुन्या नळीच्या भिंतीला चिकटलेला मीडियाही पुरेसा नायट्रोजन देतो.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं. पेशी लॅक्टेटमध्ये वाढवल्या, तर नायट्रोजन काढताना कार्बन कोणता द्यायचा? पुष्कळांना वाटतं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणून लॅक्टेटच ठेवावा आणि नायट्रोजन काढावा. प्रयोगाच्या शिस्तीला हे शोभतं, पण पट्टी येत नाही. २००८ मध्ये कांकी आणि क्लिओन्स्की यांनी दाखवलं की कार्बनचा स्रोत मायटोकॉन्ड्रिया लागेल असाच राहिला तर नायट्रोजन नसतानाही मायटोफॅजी खूप दबलेली राहते, जरी सरधोपट ऑटोफॅजी जोरात चालू असली तरी. लॅक्टेटवरून दोन टक्के ग्लुकोज असलेल्या बिननायट्रोजनच्या मीडियात हलवलं की मात्र मायटोफॅजी चालू होते. पेशीच्या बाजूने पाहा. लॅक्टेटवर जगताना तिचं सगळं इंधन मायटोकॉन्ड्रियातूनच येतं. उपाशी असली तरी ती त्यांना हात लावणार नाही. ग्लुकोज मिळालं की किण्वनावर भागतं, लॅक्टेटच्या काळात वाढवलेले मायटोकॉन्ड्रिया आता जास्तीचे झाले, आणि नायट्रोजनची तर टंचाई आहेच. म्हणजे निवड फक्त ‘काय मोडायचं’ एवढीच नसते, ‘आत्ता मोडणं परवडेल का’ हीसुद्धा असते. ग्राही, फॉस्फेट, एटीजी११ हे त्या निर्णयाचे हातपाय; निर्णय चयापचयातून येतो. मला या सगळ्या विषयातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते, आणि तीच प्रयोगात सर्वात जास्त वेळा दुर्लक्षित होते.

ग्लुकोजही काढून टाकून ‘पूर्ण उपास’ घडवण्याचा मोहही टाळा. ग्लुकोजवर वाढलेल्या पेशींचं ग्लुकोज अचानक तोडलं तर सरधोपट ऑटोफॅजीदेखील नीट सुरू होत नाही. पिशव्या बांधायलाही ऊर्जा लागते.

दुसरी एक वाट आहे, हळूची. पेशी लॅक्टेटमध्ये किंवा ग्लिसरॉलमध्येच ठेवा, काही न बदलता, आणि त्या स्टेशनरी टप्प्यात, म्हणजे वाढ थांबलेल्या अवस्थेत, जाऊ द्या. एक ते तीन दिवसांत मायटोफॅजी दिसते. एटीजी३२ शोधणाऱ्या जपानी गटाची पद्धत ग्लिसरॉलवरची हीच. पण ही आणि नायट्रोजनवाली पद्धत एकमेकींच्या जागी वापरू नका. एटीजी३३ सारखी काही प्रथिनं स्टेशनरी टप्प्यात जास्त महत्त्वाची ठरतात, नायट्रोजन उपासमारीत कमी. दोघांच्या निकालात फरक पडला तर ती चूक नसते. माध्यमात एन-ॲसिटिल सिस्टीन असेल तर मायटोफॅजी दबते, हेही याच गटाचं निरीक्षण. कुठल्या तरी दुसऱ्या प्रयोगाचा साठा नकळत मिसळला जात नाही ना ते पाहून घ्या.

पेशी फोडताना

मायटोफॅजी झाली, पण ती जेलपर्यंत पोचली नाही, असंही होतं. उपाशी आणि स्टेशनरी पेशींची भिंत जाड होते. वाढत्या पेशींना पुरणारी सोडियम हायड्रॉक्साइडची झटपट पद्धत त्यांना अपुरी पडू शकते. काचेच्या मण्यांनी फोडा, थेट दहा टक्के टीसीएमध्ये (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात). जेलच्या प्रत्येक लेनमध्ये (रांगेत) सारख्या ओडीच्या पेशी घ्या आणि पीजीके१ सारखं फारसं न बदलणारं प्रथिन जोडीला तपासा, म्हणजे कमी पट्टी म्हणजे कमी मायटोफॅजी की कमी पेशी, हा वाद राहत नाही. जेल १२ टक्क्यांचं घ्या. आठ टक्क्यांच्या जेलवर वरचं प्रथिन सुरेख पसरतं आणि २७ चं डायच्या मागोमाग बाहेर जातं. पहिल्यांदाच करत असाल तर शून्य, तीन, सहा आणि बारा तासांचे नमुने काढा. सहा तासांना पुसट आणि बारा तासांना स्पष्ट, हे अगदी शक्य आहे.

उलटी तक्रार: पट्टी सगळीकडे

शून्य तासाला पट्टी, एटीजी३२ डिलीशनमध्येही पट्टी. अशा वेळी पहिला संशय पेशी फोडण्यावर. सौम्य बफरमध्ये, बर्फावर का होईना, पेशी फोडल्या की व्हॅक्युओलही फुटतो आणि पेप४-पीआरबी१ सगळ्या लायसेटमध्ये मोकळे होतात. ओएम४५-जीएफपी तिथेच, नळीत, चिरलं जातं. पेशी जिवंत असताना काहीच झालेलं नसतं. टीसीए प्रोटिएजना पहिल्याच क्षणी निष्क्रिय करतं, म्हणून तीच पद्धत धरावी. एटीजी१ डिलीशन लेनमध्ये पट्टी दिसली, तर हे नळीत झालंय असं जवळपास ठामपणे म्हणता येतं, कारण एटीजी१ शिवाय कुठलीही पिशवी बांधली जात नाही.

फक्त शून्य तासाला पट्टी आणि एटीजी३२ डिलीशनमध्ये ती नाही, तर कल्चर जास्त वाढलेला आहे. लॅक्टेटमधला कल्चर स्टेशनरी टप्प्याला टेकला की वर सांगितलेली हळूची वाट आपोआप चालू होते. ओडी एकच्या आसपास असतानाच हलवा.

एटीजी३२ डिलीशनमध्ये उपासमारीनंतर थोडी पट्टी आली आणि एटीजी१ मध्ये नाही, तर ती सरधोपट ऑटोफॅजीतून आलेली असू शकते. लांब उपासात पिशव्यांमध्ये चुकूनमाकून काहीही जातं. म्हणून वाइल्ड टाइप (काही न काढलेला मूळ स्ट्रेन), एटीजी१, एटीजी११, एटीजी३२ आणि पेप४ डिलीशन या पाच लेन शेजारी असल्याशिवाय मी कुणाच्याही मायटोफॅजीच्या ब्लॉटवर मत देत नाही. एटीजी११ नसताना सरधोपट ऑटोफॅजी जवळजवळ नेहमीसारखी चालते आणि निवडक बंद पडते, त्यामुळे ती लेन दोघांना वेगळं करते.

मायक्रोस्कोपवर

पट्टीऐवजी चित्र पाहणाऱ्यांसाठी थोडंसं. व्हॅक्युओलचं पटल एफएम४-६४ या रंगद्रव्याने रंगवा, आणि त्याच्या आतल्या भागात हिरवा पसरलेला रंग शोधा. जीएफपी आम्लात मंदावतं, व्हॅक्युओलच्या आत तर ते हमखास फिकं दिसतं, त्यामुळे कॅमेऱ्याची सेटिंग शून्य तासाच्या तेजस्वी मायटोकॉन्ड्रियावर बसवली तर सहा तासांचं चित्र रिकामं भासतं. लाल प्रथिनं आम्लात जास्त टिकतात. मोनाश विद्यापीठात बनवलेल्या रोसेलात दोन्ही एकत्र आहेत, आम्लात विझणारं हिरवं आणि न विझणारं लाल. लाल उरलं आणि हिरवं गेलं की ते अंगक व्हॅक्युओलमध्ये पोचलं. एडीई२ नसलेल्या स्ट्रेनमधला लाल द्रव्य व्हॅक्युओलमध्येच साठतो आणि स्वतःच चमकतो. त्यावर उपाय म्हणजे आधीच्या मीडियात भरपूर ॲडेनीन. बिनजीएफपीच्या स्ट्रेनचा फोटो त्याच सेटिंगवर काढल्याशिवाय व्हॅक्युओलमधली चमक मोजू नका.

पेरॉक्सिसोम आणि ईआर

पेक्सोफॅजी, म्हणजे पेरॉक्सिसोम मोडणं, दिसत नाही म्हणणाऱ्यांनाही प्रश्न तोच: मोडायला काही होतं का? ग्लुकोजवर पेरॉक्सिसोम अगदी थोडे आणि लहान असतात. ओलिएटवर पेशी रात्रभर ठेवल्या की ते वाढतात, कारण फॅटी आम्लं तिथेच जळतात. ओलिएट पाण्यात मिसळत नाही, म्हणून ट्वीन हे डिटर्जंट घालावं लागतं, आणि हलवताना ते नीट धुवावं लागतं. मग ग्लुकोजसह, नायट्रोजनशिवाय. मिथेनॉल खाणाऱ्या पिकिया या वेगळ्या यीस्टमध्ये ही गोष्ट आणखी उघडपणे दिसते: मिथेनॉलवर पेशी मोठमोठे पेरॉक्सिसोम भरते, तिथून ग्लुकोजवर आणली तर व्हॅक्युओल स्वतःच हात पसरून त्यांना वेढतो, इथेनॉलवर आणली तर वेगळी पिशवी बांधून नेतो. माल तोच, फक्त पुढचं जेवण बदललं, तर मोडण्याची तऱ्हा बदलते. तिथला ग्राहीही वेगळा, एटीजी३०. बेकर यीस्टचा एटीजी३६ पिकियात शोधू नका.

ईआर-फॅजीत रॅपामायसिन (पेशीला उपासमारीचा भास घडवणारं औषध) किंवा नायट्रोजन उपासमार चालते, पण जास्त वेळ द्या, २४ तासांपर्यंत. एटीजी३९ केंद्रकाभोवतीच्या ईआरवर, एटीजी४० पेशीपटलाजवळच्या आणि पेशीद्रवातल्या ईआरवर. दोन्ही २०१५ साली सापडले. म्हणून एकच काढून पट्टी थोडी कमी झाली, तर आश्चर्य नको, दुहेरी डिलीशन करा.

सगळं तपासूनही पट्टी नसेल तर

व्हॅक्युओल पचवतो, एपी१ पक्व होतं, जीएफपी-एटीजी८ तुटतं, ग्लिसरॉलवर स्ट्रेन वाढतो, बाटली १.७ ग्रॅमची आहे, लॅक्टेटवरून ग्लुकोजवर नेलं, पेशी टीसीएत फोडल्या, आणि वाइल्ड टाइपमध्ये पट्टी येते पण तुमच्या म्यूटंटमध्ये नाही. आता एटीजी३२ कडे पाहा. त्याला एचए टॅग (अँटीबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण) एन-टोकाला लावून ब्लॉट करा. प्रथिनच नसेल, तर अडचण ते बनण्यात आहे. भरपेट पेशीत यूएमई६ आणि त्याच्याबरोबरचं आरपीडी३ डीॲसिटिलेज या जनुकाला दाबून ठेवतात, तो दाब सुटला का ते आरएनए मोजून कळेल. प्रथिन आहे, पण उपासमारीनंतर पट्टी वर सरकत नाही, तर फॉस्फेट चढत नाहीये. लॅम्डा फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) लावलेली लेन शेजारी ठेवून खात्री करा, आणि केसीन कायनेज २ बरोबर पीपीजी१ हे फॉस्फेट उतरवणारं एन्झाइमही तपासा. तुमच्या म्यूटंटमध्ये पीपीजी१ काढल्यावर पट्टी परत आली, तर तुमचं जनुक फॉस्फेटच्या या ओढाताणीत कुठेतरी बसतं. पट्टी वर सरकते, तरीही मायटोफॅजी नाही, तर एटीजी११ बरोबर त्याची गाठ पडते का हे को-इम्युनोप्रेसिपिटेशनने (एक प्रथिन अँटीबॉडीने ओढून दुसरं सोबत येतं का ते बघून) पाहा.